बिनइंजिनाच्या जीपची पाठवणी

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी जीपखाली पाठीवर पडले होते आणि कपाळावर ग्रीसचा थेंब ओघळत होता. फोन आबांनी घेतला. आबा म्हणजे माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते. धुळे-चोपडा गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली की त्या रस्त्यावरच्या गावांत ते अजूनही 'चोपडा गाडीवाले आबा' म्हणूनच ओळखले जातात. ते 'बरं, बरं' म्हणत राहिले. मग खाली वाकले आणि चेसिसच्या दोन पट्ट्यांमधून माझ्याकडे बघत म्हणाले, "त्यानी बदली व्हयनी. अंदमानले."

मी म्हटलं, "सोळा-सतराचा पाना द्या."

त्यांनी पाना दिला. मी नट आवळला आणि आवळता आवळताच अंदमान हा शब्द माझ्या डोक्यात शिरला. उठायला गेले आणि डोकं सायलेन्सरच्या क्लॅम्पवर आपटलं. फोन अजून चालू होता. "काय आवाज आला?" नवरा विचारत होता.

"तुमची बदली माझ्या डोक्याला लागली," मी म्हटलं.

नवरा फौजेत आहे, सिग्नलमध्ये. लग्नापासून त्याच्या बदल्या अशा ठिकाणी झाल्या की तिथे बायकोला नेता येत नसे. तो सुट्टीला यायचा, मी धुळ्यात देवपूरच्या घरी आबांसोबत राहायचे आणि आयटीआयमध्ये पोरांना मोटार मेकॅनिक शिकवायचे. या खेपेला पहिल्यांदाच फॅमिली क्वार्टर मिळणार होतं. समुद्र, नारळाची झाडं, नवरा रोज संध्याकाळी घरी. मला बिनपगारी रजा मिळाली असती. आबाही येणार होते. सगळं कसं छान. अडचण फक्त एक होती आणि ती चार चाकांवर माझ्या डोक्यावर उभी होती.

ही जीप मला चोपड्याला सापडली होती, एका सहकाऱ्याच्या बहिणीच्या लग्नात. मांडव केळीच्या बागेशेजारी होता. पंगत बसायची होती म्हणून मी हात धुवायला मागे गेले, तर निंबाखाली एक जुनी पेट्रोल जीप उभी. लष्कराच्या लिलावातून कधीकाळी शेतात आलेली, मजूर वाहून वाहून दमलेली, आणि आता तिच्यात कोंबड्या राहत होत्या. माझं जेवण राहिलं. जळगावला माझे वडील मोटारपार्टच्या दुकानात काउंटरवर होते आणि शाळा सुटली की मी तिथेच असायचे. अक्षरांच्या आधी मला बेअरिंगं ओळखता येत होती असं आई सांगते. ही अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. मी साडीचा पदर खोचून त्या जीपच्या खाली डोकावले, चेसिस धड आहे हे पाहिलं आणि त्या क्षणी माझं काहीतरी झालं. नवरी पाठवणीला रडत होती आणि मी नवरीच्या काकांशी जीपचा सौदा करत होते. त्यांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून धुळ्याला पोचवून दिली. कोंबड्या ठेवून घेतल्या. एक अंडं मात्र राहून गेलं होतं, ते मला सीटखाली सापडलं.

नवरा त्यानंतर सुट्टीला आला तेव्हा त्याने जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, "मी फौजेत. ही फौजेतून रिटायर. घरात सीनियर कोण ते आधी ठरवून घेऊ."

आबा सुरुवातीला शेडकडे फिरकत नव्हते. मग एक दिवस दुरून म्हणाले, स्टेअरिंगला खेळ जास्त शे. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आले. तिसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी आणि आबा गाडीखाली. तेव्हापासून आमच्या घरात स्वयंपाक, जेवण आणि झोप ही मधली कामं झाली होती.

तर बदलीची बातमी आली तेव्हा जीपची अवस्था अशी होती: चेसिस रंगवून चकचकीत, चाकं नवी, स्टेअरिंग बसलेलं. वर हिरव्या रंगाचा पत्र्याचा सांगाडा नुसता ठेवलेला, अर्धे बोल्ट लावलेला. ब्रेकच्या नळ्या जोडायच्या बाकी. इंजिन शेडच्या कोपऱ्यात जुन्या टायरवर बसलेलं, त्याचे पिस्टन स्वयंपाकघरातल्या फडताळात. वायरिंग म्हणजे एका पिशवीतला गुंता. पुढून पाहिलं तर गाडी, बाजूने पाहिलं तर बाजार.

त्या आठवड्यात जो भेटला त्याने हेच विचारलं, की आता जीप कुणाला देणार. नवरा फोनवर समजुतीने म्हणाला, "शेडमध्ये झाकून ठेव. दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे."

मी हो म्हटलं. रात्री जेवायला बसलो. मी ताटातल्या भरताकडे नुसती बघत होते. आबांनी कळण्याची भाकरी मोडली आणि शांतपणे म्हणाले, "हाई गाडी येत नही तं मी बी येत नही."

मी म्हटलं, "आबा, मधे समुद्र आहे."

"समुद्र शे ते माले बी ठाऊक शे. जहाज पण शे ना."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. पाणी पिऊन झालं, पुन्हा हसू आलं. आबाही हसू लागले. आम्ही दोघांनी तसंच हसत नवऱ्याला फोन लावला. तो झोपेत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोघं मिळून बोलताय म्हणजे ठरलंच आहे. मला फक्त कळवताय." खरं होतं.

पुढचे दिवस फोनवर गेले. बदलीच्या सामानात एक गाडी नेता येते, पण ती गाडी असली पाहिजे, यावर सगळं अडलं. चेन्नईच्या बंदरातल्या एजंटाने मला हिंदीत विचारलं की गाडी चालू आहे की बंद. मी म्हटलं, दोन्ही नाही. तो म्हणाला, तिसरं काही नसतं. मी म्हटलं, होणारी आहे. त्याने फोन कुणा साहेबाला दिला. साहेबांना मी पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, स्वतःच्या चाकावर स्वतः चढली तर गाडी, नाही तर सामान. सामान असेल तर घरच्या सामानासोबत कंटेनरमध्ये टाका आणि आम्हाला विचारू नका. मला हे फार आवडलं. जीप आता रीतसर भांड्यांच्या आणि गाद्यांच्या वर्गात गेली.

पण नवऱ्याच्या ऑफिसातल्या क्लार्कला तिचा फोटो हवा होता. आम्ही अंगणात तिला नटवली. बॉनेट सुतळीने बांधलं, दोन गोल दिवे चिकटपट्टीने बसवले, आबा इस्त्रीचा सदरा घालून स्टेअरिंगमागे बसले. मी फोटो काढून पाठवला. थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन आला. आवाज कसाबसा आवरलेला.

"क्लार्कसाहेब विचारतायत, पुढच्या जाळीतून काहीतरी बघतंय ते काय आहे?"

मी फोटो मोठा करून पाहिला. इंजिनाच्या मोकळ्या जागेत शेजारची मांजर बसली होती आणि जाळीतून थेट कॅमेऱ्याकडे बघत होती.

"मांजर आहे," मी म्हटलं.

पलीकडे त्याने ते कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं. मग म्हणाला, "साहेब म्हणतायत, मांजर सामानात धरता येणार नाही. काढून पुन्हा फोटो पाठवा."

नवरा सुट्टी घेऊन बांधाबांध करायला आला तोवर गल्लीला पत्ता लागला होता. आमच्या शेजारी एक अक्का राहतात. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. रविवारी विहारातून येताना त्या सरळ आमच्याकडे आल्या, सोबत गल्लीतल्या चार बायका. मी जमिनीवर कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, पंप असं मांडून बसले होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळत होते. अक्कांनी ते पाहिलं आणि कार्बोरेटर माझ्या हातातून काढून घेतला.

"असं बांधतात का कुणाला?" त्या म्हणाल्या. घरून बँडेजची पिशवी घेऊन आल्या. कार्बोरेटरला आधी कापूस, मग पट्टी, मग वर गाठ. इतकं सफाईदार की तो अपघातातून वाचल्यासारखा दिसू लागला. बाकीच्या बायकांनी पिस्टन जुन्या पातळांच्या चिंध्यांत बांधले. गिअरबॉक्स गव्हाच्या कोठीत मावला, म्हणून गहू पोत्यात आणि गिअरबॉक्स कोठीत. माळ्यावरून नवऱ्याने आपली लोखंडी काळी पेटी आणली, तिच्यावर त्याचा नंबर आणि युनिट पांढऱ्या रंगात लिहिलेलं. तिच्यात त्याचे गणवेश होते. मी म्हटलं, स्टार्टर त्यात मावेल. तो म्हणाला, माझे गणवेश कुठे मावतील. अक्का म्हणाल्या, "भाऊ, कपड्यांना घडी घालता येते. स्टार्टरला येते का?" त्याने घडी घातली.

मग कुणीतरी म्हणालं की गाडी घर सोडून चालली आहे, तिची ओटी भरली पाहिजे. हे कोण म्हणालं ते नंतर कुणीच कबूल केलं नाही. पण हळदीकुंकू आलं, तांदूळ आले, नारळ आला, खणही आला. आता ओटी भरायची कुठे यावर वाद. एकीचं म्हणणं बॉनेटवर, एकीचं म्हणणं ड्रायव्हरच्या सीटवर. अक्का बाजूला पायरीवर चहा पीत बसल्या होत्या. आमच्यात काही ओटी नसते, मी नुसती बघते, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण वाद वाढला तेव्हा त्यांना राहवेना. म्हणाल्या, "अगं, इंजिनाची जागा रिकामी आहे तिची. पोटात घाला की."

बायका एवढ्या हसल्या की एकीच्या हातातले तांदूळ सांडले. आम्ही इंजिनाच्या जागेत फळी टाकून तिच्यावर ओटी भरली. नवरा हे सगळं दारात उभा राहून बघत होता. मी त्याला विचारलं, काय बघताय. तो म्हणाला, "आपल्या लग्नात एवढं झालं नव्हतं."

आता खरी कसोटी. कंटेनरची गाडी आमच्या गल्लीत शिरणं शक्य नव्हतं. शिवाय कंटेनरची फळी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, तिथे जीप चढवायची कशी. हायवेच्या बाजूला एका मारवाडी शेटजींचं कापसाचं जिनिंग आहे. तिथे ट्रकमध्ये गाठी भरायला ट्रकच्या उंचीचा बांधीव धक्का आहे. माझे वडील ज्या दुकानात होते त्या दुकानाच्या शेटजींचे हे नातेवाईक. मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, हंगाम संपलाय, धक्का मोकळाच आहे, पण मला बघायला बोलवा. म्हणजे इंजिन टेम्पोतून आधी तिथे जाईल, आणि जीप ढकलत न्यायची. सकाळी, रस्ते मोकळे असताना.

गल्लीतून निघून पुढे डावीकडे वळलं की पांझरेच्या पुलाकडे जाणारा उतार लागतो. जीपला ब्रेक नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मागे दोर बांधला आणि गल्लीतल्या सात-आठ जणांनी तो धरला, उतारावर मागे ओढायला. स्टेअरिंगवर आबा. त्यांनी जुना खाकी शर्ट घातला होता. मी आणि नवरा दोन्ही बाजूंनी. जीपच्या मागच्या भागात गाद्या, रजया आणि आईने जळगावहून पाठवलेला कुरड्या-पापडांचा डबा. पुढे बॉनेटला झेंडूचा हार, काचेच्या चौकटीवर कुंकवाची बोटं. अक्का आणि बायका मागून पायी. निघालो तेव्हा ती वरात दिसत होती यात शंका नाही.

आणि तीच तर गंमत झाली. उताराच्या तोंडाशी एक मंगल कार्यालय आहे. बाहेर बँडवाले नवरदेवाच्या गाडीची वाट बघत उभे होते. त्यांनी हार घातलेली गाडी पाहिली, मागे माणसं पाहिली, खाकीतले आबा पाहिले, आणि दुसरा विचार न करता वाजवायला सुरुवात केली. ट्रम्पेट, ढोल, खुळखुळे, सगळं एकदम.

मी हात हलवून सांगत होते की आम्ही नाही, आम्ही नाही. बँडमास्तरला वाटलं मी जोरात वाजवा म्हणतेय. त्याने जोर केला.

खानदेशी माणसासमोर बँड वाजला की त्याचे पाय त्याचे राहत नाहीत. दोर धरलेल्यांतला पहिला एका हाताने नाचू लागला. दुसऱ्याने दोन्ही हात वर केले. आणि मग दोर कुणाच्याच हातात नव्हता.

जीप हळूच निघाली. पहिल्यांदा मला वाटलं आम्ही चांगली ढकलतोय. मग माझ्या हातातून ती निसटली. नवरा धावला, मी धावले. माझी चप्पल मागे राहिली. जीप इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय, नुसतं टायरांचं सूं सूं करत उताराला लागली. दोर तिच्यामागे शेपटीसारखा हलत होता. एक भाजीची गाडी, एक रिक्षा, दूधवाला, सगळे आपोआप कडेला झाले. आबा ताठ बसले होते. त्यांनी डावा हात बाहेर काढून खूण केली, जशी एसटीचे ड्रायव्हर करतात, आणि स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. तिथे कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडली होती, चांगला ढीग. जीप त्या ढिगावर चढली, वर जाऊन क्षणभर विचारात पडली आणि थांबली. पापडांचा डबा उडाला, झाकण निघालं आणि कुरड्या वाळूवर पसरल्या.

मी पोचले तेव्हा मला धाप लागली होती. "आबा, लागलं का?"

"माले काई नही व्हयनं," आबा म्हणाले. "गाडी पहा." आणि मग थोडं थांबून, "मस्त फिरनी."

त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. मी वाळूत बसले. मग मला हसू फुटलं. नवरा कमरेवर हात ठेवून उभा होता, रागवायच्या तयारीत. त्याने आबांकडे पाहिलं, कुरड्यांकडे पाहिलं, आणि तोही बसला.

बँडवाले धावत आले. त्यांना वाटलं नवरदेव उलटला. आम्ही सगळं सांगितलं. बँडमास्तरला इतकं वाईट वाटलं की तो म्हणाला, आता तुम्हाला पोचवूनच येतो. आम्ही नको म्हणत होतो, पण त्याने ऐकलं नाही. दोर या वेळी बायकांनी धरला, अक्का सगळ्यात पुढे. पूल ओलांडून, चौकातून, हायवेपर्यंत आम्ही वाजत गाजत गेलो. वाटेत लोक मोबाइल काढून उभे. एकाने विचारलं, कुणाचं लग्न. अक्का म्हणाल्या, "मुलगी अंदमानला दिली." इकडे कार्यालयापाशी खरा नवरदेव आला तेव्हा त्याच्यासमोर शुकशुकाट होता असं नंतर कळलं. बँड परत पोचेपर्यंत तो गाडीत बसून राहिला.

जिनिंगच्या धक्क्यावर शेटजी पांढऱ्या कपड्यांत खुर्ची टाकून बसले होते. बँडसकट आलेली जीप पाहून त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. चेनकुप्पीने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, इंजिन उचलून आधी आत गेलं, मग जीप. चाकांपुढे लाकडी ठोकळे ठोकले, पट्ट्यांनी ती करकचून बांधली. तिच्या पोटात, बॉनेटवर, सीटखाली, जिथे जागा तिथे घर भरलं. मिक्सर, कुकर, काळी पेटी, गव्हाचं पोतं. कंटेनरचं दार लागलं आणि गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली. मागे धक्क्यावर झेंडूची फुलं पडली होती.  मग बँडमास्तर म्हणाला, चला, आमचं लग्न खोळंबलंय.

आम्ही रेल्वेने चेन्नईला गेलो आणि तिथून जहाजाने. आबांना जहाज पटलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सगळीकडे फिरून पाहिलं आणि मला विचारलं, "जहाजना डायवर कोठे बसस?" वर, मी बोट दाखवलं. ते म्हणाले, एवढ्या उंचावरून त्याला पुढचं कसं दिसतं. दुसऱ्या दिवशी समुद्र उसळला, आम्ही दोघं नवरा-बायको आडवे, आणि आबा कठड्याला धरून उभे, लाटांच्या तालात गुडघे वाकवत. चोपड्याच्या जुन्या रस्त्यापेक्षा हे बरं, असं ते कुणा तमिळ प्रवाशाला अहिराणीत सांगत होते आणि तो मान डोलवत होता.

कंटेनर आमच्या नंतर पोचला. बंदरावर दार उघडलं तेव्हा आतून जो वास आला तो मी विसरणार नाही. ग्रीस, गहू, लाल मिरची आणि कोमट लोखंड, आमचं अख्खं घर त्या वासात उभं होतं. मी घाबरत घाबरत आत शिरले. ठोकळे जागेवर. जीप जागेवर. कार्बोरेटर पट्टीतून सोडवला तर त्याला ओरखडासुद्धा नव्हता. फुटली होती फक्त लोणच्याची बरणी, आणि तेल नवऱ्याच्या गणवेशांवर गेलं होतं. त्याने पेटी उघडून पाहिली, वास घेतला. "कैरीचं आहे," एवढंच म्हणाला. पुढे कितीतरी दिवस परेडला त्याच्याजवळ उभं राहणाऱ्यांना भूक लागायची म्हणे.

तिथल्या क्वार्टरमागे पत्र्याखाली आम्ही तिला पुरी केली. शेजारी मलयाळी, पंजाबी, बंगाली, सगळे येऊन बघायचे. दमट हवेत पत्र्याला रोज गंज चढू पाहायचा, मी आणि आबा रोज तो पुसायचो. एका सकाळी सगळं जोडून झालं. मी स्टार्टर दाबला. घर्र. पुन्हा दाबला. घर्र. तिसऱ्यांदा तिने खोकल्यासारखं केलं, निळा धूर सोडला आणि चालू झाली. आबांनी कानाला हात लावला, मी त्यांच्या खांद्याला धरलं आणि आम्ही दोघं तिथल्या तिथे उड्या मारल्या. नवरा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला आणि बनियनवर सीटवर चढून बसला. आम्ही तसेच समुद्रापर्यंत जाऊन आलो. त्या रस्त्याला एका बाजूला निळं पाणी, एका बाजूला सुपारी, आणि मी मधोमध, हॉर्न वाजवायला कुणी समोर नसताना हॉर्न वाजवत.

बदली संपली तेव्हा ती स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर जहाजात चढली. बंदरातल्या माणसाने तिला काही न विचारता गाड्यांच्या रांगेत लावलं. चेन्नईला उतरवल्यावर नवरा म्हणाला, ट्रकने पाठवू का धुळ्याला. आबांनी आणि मी त्याच्याकडे फक्त पाहिलं.

वाटेत थांबत, मुक्काम करत, एकदा पंख्याचा पट्टा बदलत, आम्ही आलो. जळगावला आईला भेटून पुढे जायचं म्हणून अजिंठ्याचा घाट उतरलो आणि खालची गरम हवा तोंडावर आली. पहूरला चहाला थांबलो. टपरीवाल्याने जीपभोवती फेरी मारली. समुद्राच्या खाऱ्या हवेने तिच्या हिरव्या रंगाला कडेकडेने पोपडे आले होते.

"कुठली म्हणायची ही, भाऊ?" त्याने आबांना विचारलं.

"अंदमानथीन उनी," आबा म्हणाले.

टपरीवाल्याने चहा गाळता गाळता विचार केला. "ते इकडे भुसावळकडे आलं का?"

आबांनी बशीत चहा ओतला. "थोडं पुढे," ते म्हणाले. नवऱ्याने भजी मागवली. केळीने भरलेला एक ट्रक थांबला, त्याचा ड्रायव्हर उतरून जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि इंजिन दाखवता का म्हणाला. मी चहा ठेवला आणि बॉनेट उघडायला उठले.